खालची ओळ, वरचा ड्रायर

यंत्राची निवड खिशाने करावयाची नसते, मोजमापाने करावयाची असते! हे सत्य आमच्या संबंध इमारतीत फक्त एकाच गृहस्थास ठाऊक होते, आणि तो गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखक, क्वेक बून सेंग, अकरावा मजला, लिफ्टच्या डावीकडील तिसरे दार.

माझे शालेय शिक्षण सहाव्या इयत्तेत थांबले, हे मी लपवीत नाही. परंतु त्यानंतर एकतीस वर्षे मी गेलांगमधील एका पंचांगाच्या छापखान्यात घडीकाम केले. कागदाची घडी घालताना जे पान माझ्याकडे तोंड करून असे, ते मी वाचीत असे. पलीकडचे पान उलटून पाहण्यास सवड नसे. मुकादम ओरडत असे. तात्पर्य, माझे वाचन अर्ध्या पानांचे खरे, परंतु एकतीस वर्षांचे! बेरीज केली तर ते भल्याभल्या पदवीधरांस भारी पडेल. आमच्या मजल्यावर मला 'मास्तर' म्हणतात. काही मंडळी हसून म्हणतात, पण म्हणतात!

आता मूळ विषय. स्वयंपाकघरामागे आमची धुण्याची मोरी आहे. तिच्या खिडकीबाहेर लोखंडी नळ्या बसवलेल्या आहेत. ओले धुणे ओवलेला बांबू उचलावयाचा, खिडकीबाहेर काढावयाचा आणि त्या नळीत रोवावयाचा. माझी पत्नी स्यू गेक हिने हे कार्य चाळीस वर्षे एखाद्या भालाफेकपटूच्या तडफेने केले. यंदा मात्र तिचा उजवा खांदा असा आखडला, की डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "बाई, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. बांबू विसरा."

आणि नेमका त्याच सुमारास आमची एकुलती एक कन्या ली युन हिला आठवा महिना लागला!

बाळंतपणानंतरचा महिना तिने कोठे काढावा, यावर दोन घरांत शीतयुद्ध चालू होते. माझे व्याही श्रीयुत तेओ हे निवृत्त शाळाशिक्षक. सबंध पान वाचणारे! त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या विहीणबाई, सेंगकांगच्या आपल्या घरातून फोन करून दर दोन दिवसांनी आमच्या जखमेवर चिमूटभर मीठ टाकीत.

"आमच्याकडे ड्रायर आहे हो! बाळाची दुपटी दिवसातून तीनदा गरमागरम. तुम्ही या डिसेंबरच्या पावसात काय करणार? पंख्याखाली वाळवणार?"

अखेर ली युनने मला समोर बसवून सांगितले, "पा, मला माच्या हातचं आल्याचं चिकन खायचंय. महिनाभर इथंच राहायचंय. पण ओल्या दुपट्यांच्या वासात बाळाला नाही ठेवणार मी. आणि माला बांबू उचलू देणार नाही. दोन आठवड्यांत मशीन लाव. नाहीतर मी चालले सेंगकांगला."

स्यू गेक खांद्याला मलम चोळत माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेचा अर्थ असा, की म्हाताऱ्या, पहिले नातवंड सेंगकांगला गेले, तर तुझे जेवण तू स्वतः शोध.

मी उठलो, पाठ ताठ केली आणि म्हणालो, "चिंता नसावी!"

मोरीची रुंदी जेमतेम एकशे दहा सेंटीमीटर. दोन यंत्रे शेजारी शेजारी मावणे अशक्य. म्हणून खाली धुण्याचे आणि त्याच्या डोक्यावर वाळवण्याचे अशी उतरंड हवी होती. वरून झाकण उघडणारे यंत्र येथे निरुपयोगी, कारण झाकणावरच दुसरे यंत्र बसणार! म्हणून समोरून दार उघडणारेच हवे. इतका विचार मी दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच पूर्ण केला होता.

दुकानातील विक्रेता रोस्लान हा गोड बोलणारा तरुण होता.

"अंकल, दोन्ही एकाच कंपनीची, एकाच रुंदीची घ्या. मध्ये ही जोडपट्टी बसते, म्हणजे वरचा खाली येणार नाही."

"ड्रायर खाली आणि वॉशर वर ठेवला तर?"

"वॉशर जड असतो अंकल. शिवाय तो नाचतो. नाचणाऱ्याला खांद्यावर घेऊ नये."

मुलगा विचारी वाटला. मी प्रसन्न झालो आणि खिशातून माझी गुंडाळीची मोजपट्टी काढली.

या मोजपट्टीविषयी दोन शब्द लिहिणे क्रमप्राप्त आहे. आम्हा चिनी मंडळींच्या सुताराच्या पट्टीवर सेंटीमीटरच्या जोडीला आणखी दोन ओळी छापलेल्या असतात, एक वरच्या कडेला आणि एक खालच्या कडेला. त्यांत प्रत्येक मापाचे फळ दिलेले असते. लाल अक्षर शुभ, काळे अक्षर अशुभ. दार असो, पलंग असो, मेज असो. माप लाल अक्षरावर आले तरच ती वस्तू घरात घ्यावी. आता दोन ओळी कशासाठी? बहुतेक अडाणी लोक हा प्रश्न विचारीतही नाहीत. मी मात्र त्यावर विचार केलेला होता. वरची ओळ वरच्या वस्तूंसाठी, म्हणजे छत, खिडकी, दिवे. खालची ओळ खालच्या वस्तूंसाठी, म्हणजे जे जे जमिनीवर उभे राहते ते. यंत्र जमिनीवर उभे राहते. म्हणून खालची ओळ! तर्कशुद्ध विचाराला पुस्तकाची गरज पडत नाही, ती अशी.

मी पट्टी लावली. दोन्ही यंत्रे मिळून उंची एकशे सत्तर सेंटीमीटर. खालच्या ओळीत पाहिले, तर काळ्या अक्षरात लिहिलेले: 'कष्ट'!

"हे चालणार नाही," मी म्हणालो.

"का अंकल? पाच वर्षांची हमी आहे!"

"हमी कष्टाची आहे. हे पाहा."

रोस्लानने वाकून पाहिले. मग त्याने कमरेला अडकवलेला आपला टेप काढला. "अंकल, माझ्या टेपवर नुसते आकडेच आहेत."

"म्हणूनच तू अजून विक्रेता आहेस!"

त्याने बिचाऱ्याने दुसरी जोडी दाखवली. एकशे एकोणसत्तर. तीही 'कष्ट'! तिसरी, चौथी, सगळ्या जोड्या जणू एकाच आईची लेकरे. तोवर माझ्याभोवती गर्दी जमली होती. एक बाई म्हणाली, "अंकल, जरा आमचा फ्रिज बघा ना." मी परोपकारबुद्धीने पाहिले. एकशे ऐंशी. खालच्या ओळीत काळ्या अक्षरात 'मरण'! बाईने पावती टेबलावर ठेवली, पर्स काखेत मारली आणि ती दारातून अशी नाहीशी झाली जणू फ्रिज तिच्या मागे लागला होता. आणखी दोघांनी आपापले फ्रिज मोजावयास सांगितले, तेव्हा व्यवस्थापक आतून धावत आला.

"अंकल, तुम्ही घ्यायला आलात की आमचं दुकान बंद करायला?"

"मी घेणारच आहे," मी धीरगंभीर स्वरात म्हणालो, "फक्त उंची माझी!"

कारण तेवढ्या वेळात मी पट्टीवर पुढे पाहिले होते. एकशे पंच्याऐंशी सेंटीमीटरवर लाल अक्षरात काय लिहिले असावे? 'संतानवृद्धी'! सुज्ञ वाचकांनीच सांगावे, नातवंडाच्या दुपट्यांसाठी घेतलेल्या यंत्राला याहून योग्य माप कोणते? फक्त पंधरा सेंटीमीटर कमी पडत होते. ते मी खालून पुरवणार होतो.

"अंकल, अजून वर चढवणार?" रोस्लान कळवळून म्हणाला. "घरी वापरणार कोण? त्यांची उंची..."

"उंचीचे तू मला शिकवू नकोस, बाळा."

बिचारा पावती लिहू लागला. त्याचे ते अर्धे राहिलेले वाक्य मला पुढे फार आठवले.

आता चौथऱ्याचा प्रश्न. मी निवृत्त झालो तेव्हा छापखान्याच्या मालकांनी मला घड्याळ दिले नाही. न खपलेल्या पंचांगांचे गठ्ठे दिले. ते पलंगाखाली आठ वर्षे वाट पाहत होते. मी एक गठ्ठा मोजला: सात सेंटीमीटर. त्यावर दुसरा ठेवला: चौदा. वर एक सेंटीमीटरची फळी. पंधरा! केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही! त्या क्षणी मला वाटले, मालक माणूस दूरदृष्टीचा होता.

मंगळवारी यंत्रे घेऊन दोघे जण आले. त्यांनी चौथरा पाहिला आणि ते एकमेकांकडे पाहत राहिले.

"अंकल, मशीन कागदावर ठेवायचं?"

"कागदावर नव्हे, ज्ञानावर!"

"खाली पक्की जमीन लागते अंकल. हे फिरायला लागलं की..."

"तुम्ही ठेवा."

"मग इथं सही करा. पुढं काही झालं तर आमची जबाबदारी नाही."

मी वळणदार अक्षरात सही केली. त्यांनी उतरंड रचली, जोडपट्टी कसली, दोन मिनिटे रिकामे यंत्र फिरवून पाहिले आणि लिफ्टकडे जाताना पुन्हा एकमेकांकडे पाहिले.

स्यू गेक मोरीच्या दारात उभी होती. मान वर करून ती बराच वेळ पाहत राहिली.

"म्हाताऱ्या, हा मनोरा कशाला उभारलास? माझ्या डोक्यावरून जातंय हे!"

"ज्ञान असेच असते," मी म्हणालो.

ती हात लावावयास निघाली, तेव्हा मी तिला अडवले. पंचांगात पाहिले होते. आरंभास रविवार सकाळी अकराचा मुहूर्त उत्तम होता. तोवर कोणी बोट लावावयाचे नाही! मी वर लाल फीत बांधली आणि सेंगकांगला फोन लावला. "रविवारी अकरा वाजता सहकुटुंब यावे. मोजमापशास्त्राचे प्रात्यक्षिक होईल." पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, "ड्रायर घेतलात ना? मग शास्त्र कसलं? बटण दाबायचं असतं त्यात." मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केले.

मंगळवार ते शनिवार पाऊस कोसळत राहिला. मोरीच्या खिडकीतून तिरपे फवारे येत होते. यंत्रांवर मी मेणकापड घातले होते. चौथऱ्याकडे मात्र माझे लक्ष गेले नाही. शनिवारी सहज पुन्हा पट्टी लावली, तर काय आश्चर्य! एकशे शहाऐंशी! आणि फळ: 'भरभराट'! माप आपणहून वाढले होते, तेही शुभाकडे! मी त्या उतरंडीस मनोभावे नमस्कार केला. पंचांगे पाणी पिऊन फुगली असतील, ही क्षुद्र शंका माझ्या मनास शिवलीही नाही.

रविवार उजाडला. बरोबर अकरास मंडळी आली. श्रीयुत तेओ, विहीणबाई, जावई वेई ज्ये आणि मधोमध, पोटावर हात ठेवून डुलत चालणारी आमची ली युन. स्यू गेकने कोपी, म्हणजे आमची दाट कॉफी, आणि पानदान नावाच्या सुवासिक पानांचा हिरवा केक पुढे केला. मी फीत कापली. यंत्रात सहा टॉवेल, दोन चादरी आणि नव्या दुपट्यांचा पहिला संच घातला, बटण दाबले आणि मोजपट्टी हातात घेऊन स्वयंपाकघरात व्याख्यान सुरू केले.

"मंडळी! वरची ओळ वरच्या वस्तूंची, खालची ओळ खालच्या वस्तूंची..."

"कोण म्हणतं असं?" श्रीयुत तेओ यांनी चष्मा पुसत विचारले.

"विचार म्हणतो!"

"हं," ते म्हणाले. शिक्षकांचे ते 'हं' मला सहावीपासून ठाऊक आहे. "मिस्टर क्वेक, माहितीपुस्तिका कुठं आहे? जरा वाचतो."

"यंत्राच्या मागे अडकवली आहे."

ते मोरीत शिरले आणि यंत्राच्या बाजूने आत जाऊन खिडकीपाशी पुस्तिका वाचीत उभे राहिले. अगदी पहिल्या पानापासून! बाहेर माझे व्याख्यान रंगले होते. चाळीस मिनिटे यंत्र नम्रपणे गुणगुणत राहिले. विहीणबाईंनीही केकचा दुसरा तुकडा घेतला. स्यू गेकच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू उमटले. आणि मग यंत्राने पिळणी सुरू केली.

प्रथम एक हुंकार झाला. मग लहानसा ठेका. मग वरचा ड्रायर मान हलवू लागला, एखाद्या लग्नात मामा जसे 'नको नको' म्हणत नाचावयास उठतात तसा! खालून 'पच्' असा आवाज आला आणि फळीखालून एक ओले पंचांग बाहेर उडाले.

"पा, हे चालतंय!" ली युन ओरडली.

"चालणारच! नवे आहे!"

"अहो, ते चालत चालत इकडे येतंय!" विहीणबाई केकसह खुर्चीवर चढल्या.

खरोखरच ती उतरंड चौथऱ्यासकट थय थय करीत पुढे सरकली, अर्धी गिरकी घेतली, स्वयंपाकघराकडे तोंड वळवले आणि मोरीच्या चौकटीवर खांदा टेकवून, दमलेल्या वऱ्हाड्यासारखी तिरपी उभी राहिली. आत श्रीयुत तेओ यांनी झडप घालून भिंतीवरचे बटण बंद केले. यंत्र थांबले. दार पूर्ण बुजले होते. एका बाजूस फक्त अर्धी वीत फट उरली होती, आणि त्या फटीत माझ्या व्याह्यांचा अर्धा चष्मा चमकत होता.

"मिस्टर क्वेक," चष्मा म्हणाला, "मी आत आहे."

"पूर्ण कल्पना आहे," मी म्हणालो.

मी आणि वेई ज्येने जोर लावला. उतरंड हलेना. आत पाणी, ओल्या चादरी; एखाद्या पाणघोड्याला खेचावे तसे! वेई ज्ये म्हणाला, आधी खालचे पाणी सोडू या, मग हलके होईल. तो बादली लावून नळी सोडू लागला. त्याला अर्धा तास लागणार होता. तोवर स्यू गेकने फटीतून व्याह्यांना कोपीचा पेला दिला. त्यापाठोपाठ केक दिला, तो फटीत थोडा चेपला.

"कंटाळला असाल," ती संकोचाने म्हणाली.

"नाही, नाही. वाचायला भरपूर आहे इथं," आतून उत्तर आले. "सगळीकडे पंचांगंच पडलीत."

आणि वाचकहो, तेथेच घात झाला! सबंध पान वाचणारा मनुष्य, माझ्याच पंचांगांच्या ढिगात, अर्धा तास मोकळा!

काही वेळाने आतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मिस्टर क्वेक, या पंचांगात मोजपट्टीवर एक सबंध पान आहे. तुम्ही वाचलंय?"

"वाचले म्हणजे काय! मीच घडी घातली आहे. 'माप लाल अक्षरावर यावे' इत्यादी. मला पाठ आहे."

"ते उजवीकडचं. डावीकडचं वाचू?"

डावी बाजू! एकतीस वर्षे जी पलीकडे दुमडली जात असे ती!

"वाचा," ली युन म्हणाली.

श्रीयुत तेओ यांनी वर्गात वाचावे तसे खणखणीत वाचले, "'वरची ओळ जिवंत माणसांच्या घरासाठी व सामानासाठी वापरावी. खालची ओळ थडग्यांसाठी व देव्हाऱ्यात ठेवावयाच्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसाठी.'"

वेई ज्येच्या हातातील नळी बादलीबाहेर गेली.

"थडगी?" विहीणबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या. "गरोदर सुनेच्या माहेरी, थडग्याच्या मापाचं मशीन? बून सेंग, बाळाची दुपटी धुवायचीत की पूर्वजांचे कपडे?"

"परंतु 'संतानवृद्धी'..."

"थडग्याचं माप बरोबर आलं तर घराण्याची वाढ होते, असा त्याचा अर्थ," आतून खुलासा झाला. "पण त्यासाठी आधी कुणीतरी मरावं लागतं."

दुकानातील त्या बाईचा फ्रिज माझ्या डोळ्यांसमोर तरळून गेला.

"मग वरच्या ओळीत काय येतं? एकशे पंच्याऐंशीला?" स्यू गेकने विचारले. तिचा आवाज बारीक झाला होता.

माझ्या हातात पट्टी होती. मी पाहिले. काळे अक्षर. मला ते मोठ्याने वाचवेना. ली युनने पट्टी घेतली आणि वाचले.

"'ताटातूट'."

"बघा!" विहीणबाई खुर्चीवरून उतरल्या. "चल ग ली युन. महिना आमच्याकडेच. हे नशिबाशी खेळणं झालं. आमचा ड्रायर मी कधी मोजला नाही, पण तो जागचा हलत नाही!"

ली युन हलली नाही. ती त्या तिरप्या उतरंडीकडे पाहत होती. वरच्या ड्रायरचे गोल दार तिच्या हनुवटीपासून पार कपाळाच्या वर गेले होते.

"पा, ओळीचं राहू दे. मला एक सांग. त्या वरच्या दारात ओले कपडे घालणार कोण?"

"कोण म्हणजे? तुझी मा..."

"मा, जरा हात लावून दाखव ग."

स्यू गेक पुढे झाली. माझी बाजू सावरावी म्हणूनच झाली असावी. चाळीस वर्षांची तिची ती सवय आहे. तिने उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. तिने टाचा उंचावल्या, दात आवळले, हात आणखी दोन बोटे वर नेला, आणि तिच्या तोंडून "आई ग!" असा जो स्वर निघाला तो मी यापूर्वी कधी ऐकला नव्हता. ती खांदा धरून मटकन खाली बसली.

"हे तर बांबूपेक्षा उंच आहे रे, म्हाताऱ्या," ती म्हणाली. रागावून नव्हे. रागावली असती तर बरे झाले असते.

मी दुकानातील प्रत्येक यंत्र मोजले होते. परक्या बाईचा फ्रिज मोजला होता. ज्या खांद्यासाठी हा सारा खटाटोप होता, तो किती वर जातो, एवढे एकच मोजावयाचे राहिले होते. रोस्लानचे अर्धे वाक्य मला तेथे पूर्ण ऐकू आले.

मी लेकीच्या हातून पट्टी घेऊन खिशात घातली. "ली युन," मी म्हणालो, "तू सेंगकांगला जा. तिथं सगळं नीट आहे. चूक माझी झाली." हे वाक्य मी पुस्तकी भाषेत बोलू शकलो नाही.

"आधी मला बाहेर काढा," आतून आवाज आला, "मग कुणी कुठं जायचं ते ठरवा!"

पाणी उपसून झाले होते. वेई ज्येने दार उघडून ओल्या चादरी बाहेर काढल्या. मग तो आणि मी बाहेरून ओढू लागलो, श्रीयुत तेओ आतून ढकलू लागले. गेल्या तीन वर्षांत आम्ही दोघे व्याही एकाच दिशेने जोर लावीत असल्याचा हा पहिलाच प्रसंग! मी फरशीवर पालथा पडून फुगलेली पंचांगे एक एक करून ओढून काढली. लगदा झाला होता. पाच-सहा वर्षांचे मुहूर्त माझ्या बोटांना चिकटले. शेवटची फळी निघाली, यंत्र धप्प करून फरशीवर बसले आणि सरळ उभे राहिले. जोडपट्टी शाबूत होती. ती मी लावलेली नव्हती.

श्रीयुत तेओ बाहेर आले. त्यांच्या सदऱ्यावर केक होता, चष्म्यावर पाणी. मला वाटले, आता ते मला इयत्ता विचारतील. त्यांनी हात पुढे केला.

"पट्टी द्या."

त्यांनी जमिनीपासून माप घेतले. एकशे सत्तर. दुकानात होते तेवढेच. मग वरच्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाले, "तुम्ही वाचा, मिस्टर क्वेक."

मी वाचले. लाल अक्षर होते. 'मंगल'.

"म्हणजे दुकानात होतं तेच बरोबर होतं?" वेई ज्येने विचारले.

मी घाईघाईने पट्टी गुंडाळू लागलो.

ली युनने माला हात देऊन उठवले. "आता बघ."

स्यू गेकने हात पुढे केला. ड्रायरच्या दाराची खालची कड तिच्या खांद्याच्या रेषेत आली. तिने एक टॉवेल आत सरकवला. दुसराही सरकवला. आणि मान वळवून विहीणबाईंकडे असे पाहिले, की त्यांनी उरलेला केक पुन्हा हातात घेतला.

"मी इथंच येणार," ली युन म्हणाली आणि सासूकडे वळली. "आई, रागावू नका. तुम्ही रोज या, हवं तर जेवायलाच या. पण पा, एक अट. महिनाभर मानं एकाही ओल्या कपड्याला हात लावायचा नाही. धुणं, वाळवणं, घड्या, सगळं तू. घड्यांचा तुला एकतीस वर्षांचा अनुभव आहे ना?"

"पण दोन्ही बाजू बघून घाल हो," स्यू गेक म्हणाली.

विहीणबाई सर्वांत मोठ्याने हसल्या. श्रीयुत तेओ मात्र हसले नाहीत, त्यांनी एक कोरडे राहिलेले पंचांग काखेत मारले आणि विचारले, "हे नेऊ का? छान आहे." माझ्या आयुष्यात एखाद्या शिक्षकाने माझ्याकडून पुस्तक मागून नेण्याचा हा पहिला प्रसंग होता. दुकानातील त्या बाईची मात्र मला रुखरुख लागून राहिली. दुसऱ्या दिवशी जाऊन मी रोस्लानला सर्व सांगितले. तो म्हणाला, "अंकल, तिनं त्याच दुपारी परत येऊन तोच फ्रिज नेला. रंग आवडला होता तिला."

तर आता जानेवारी चालू आहे. नात झाली आहे. आमच्या घरात आल्याच्या चिकनचा आणि तिळाच्या तेलाचा दरवळ आहे, आणि मी दिवसातून तीन वेळा गरमागरम दुपट्यांच्या घड्या घालतो. उलटसुलट, दोन्ही बाजू पाहून! यंत्र एकशे सत्तरावर स्थिर आहे. तसूभर हलत नाही.

परवा नात झोपली असता स्यू गेकने खुंटीवरची मोजपट्टी काढली आणि ली युनकडून स्वतःची उंची मोजून घेतली. एकशे बावन्न. वरची ओळ, लाल अक्षर: 'अधिकार'! मग ती म्हणाली, "आता हा म्हातारा मोज." मी ताठ उभा राहिलो. एकशे चौसष्ट. वरच्या ओळीत, म्हणजे जिवंत माणसांच्या ओळीत, काळे अक्षर: 'उपद्रव'.

मी घाईघाईने खालच्या ओळीकडे बोट दाखवले. तेथे तरी स्वच्छ लाल अक्षर होते: 'भरभराट'!

"हे बघा!" मी म्हणालो. "मेल्यावर माझे फार चांगले आहे!"

"असेल," स्यू गेक पट्टी गुंडाळत म्हणाली, "पण घाई नको. यंत्र थांबलंय. आधी दुपटी काढ."